जनसंपर्काच्या कामात संज्ञापनाचे (कम्युनिकेशनचे) सिद्धांत खरंच लागतात का?

पदविकेत शिकलेले सिद्धांत जळगाव-धुळ्याकडे जनसंपर्काची नोकरी करताना कुठे लागतात, की प्रेसनोट नीट लिहिता आली म्हणजे झालं, असं तुम्ही विचारलंय. प्रेसनोट लिहायला ते फारसे लागत नाहीत. ती काढायची की नाही, हे ठरवायला लागतात, आणि मोहिमेचा पैसा वाया जातो तो तिथेच.

समजा, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या केळीच्या रोगाबद्दल जागृतीचं काम तुमच्याकडे आलं. रोग विषाणूचा, झाड बरं करणारं औषध नाही. रोगट झाड उपटून पुरायचं किंवा जाळायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, बागेत नि आसपास काकडी-भोपळ्यासारखी पिकं टाळायची. एवढं हाती आलं की लगेच बॅनर छापले जातात, रिक्षावर भोंगा लागतो.

थांबा. आधी जनसंपर्काचे अमेरिकन अभ्यासक जेम्स ग्रुनिग यांचा सिद्धांत घ्या. लोक एखाद्या प्रश्नावर हालचाल कधी करतात, यासाठी ते तीन गोष्टी पाहतात: ही अडचण आहे असं वाटतं का, ती आपल्याला भिडते का, आणि आपल्या हातून काही होईल असं वाटतं का. चार-पाच गावांत पंधरा-वीस शेतकऱ्यांना हेच तीन प्रश्न साध्या भाषेत विचारा. उत्तर असं आलं, की "रोग माहितीये, भीतीही आहे, पण रोप-खत-ठिबकचा खर्च झालेलं झाड उपटू कसं? आणि शेजाऱ्याने नाही उपटलं तर माझ्या एकट्याने काय होणार?" तर गाडी तिसऱ्या प्रश्नावर अडलीय. इथे रोगाची माहिती वाढवली की भीतीच वाढते, झाड उपटलं जात नाही. मग बदली रोप देता येईल का, अख्ख्या शिवारात एकाच दिवशी उपटणी ठरवता येईल का, हे साहेबांपुढे मांडा. संस्थेनेही बदलायचं, हाच ग्रुनिग आणि हंट यांनी 1984 मध्ये मांडलेल्या दुतर्फा संवादाचा गाभा. मला तरी जनसंपर्काचं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

मग द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धांत. 1940 च्या अमेरिकन निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की माध्यमांतलं म्हणणं बऱ्याचदा गावातल्या जाणत्यांमार्फत पुढे जातं. हा जाणता म्हणजे सरपंचच असेल असं धरू नका. "केळीचं काही अडलं तर फोन कोणाला करता?" असं विचारा. तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील: कृषी सेवा केंद्रवाला, रोपवाटिकावाला, चांगली बाग राखणारा एखादा शेतकरी. बातमी छापून येण्याच्या दोन दिवस आधी त्यांना रोगट पान हातात देऊन समजवा. नाहीतर लोक पेपर घेऊन त्यांच्याकडे जातात, ते "आपल्याला काही माहीत नाही बुवा" म्हणतात, आणि मोहीम तिथेच बसते.

बोलीकडेही लक्ष द्या. व्हॉट्सअ‍ॅपसाठी चाळीस सेकंदांचा ऑडिओ करणार असाल, तर रावेर-यावलला लेवा गणबोली, अमळनेर-साक्रीकडे अहिराणी, धडगावला पावरी. एकच ध्वनिफीत तिन्हीकडे फिरवू नका.

पेपरातल्या बातम्यांची कात्रणं मोजून मोहिमेचा निकाल ठरवू नका. माध्यमांचे अभ्यासक मॅककोम्ब्स आणि शॉ यांचं 1972 चं काम सांगतं, की माध्यमं लोकांनी कशाबद्दल विचार करायचा हे ठरवतात. लोकांनी पुढे काय केलं, ते कात्रणात दिसत नाही. महिन्याने तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा आणि किती झाडं उपटली ते बांधावर जाऊन बघा.

आणि आपल्याच संस्थेने विकलेली रोपं रोगट निघाली तर? संकटकाळातल्या संवादाचे अभ्यासक कूम्ब्स यांच्या मांडणीप्रमाणे पहिला प्रश्न: लोक दोष कोणाला देताहेत? टाळता येण्यासारखी चूक आपली असेल, तर हवामानाकडे बोट दाखवू नका, शेतकरी जास्त भडकतील. आधी उपाय सांगा: झाड कसं ओळखायचं, काय करायचं, फोन कुठे करायचा. मग माफी आणि भरपाई, रक्कम आणि तारखेसकट.