टिनाखाली एसी लावण्याआधी

आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा प्रश्न आहे. पीक कर्ज फेडून कापसाचे 60 हजार हाती उरलेत, त्यातले तीस पेरणीला लागतील. घरावर टिनपत्रे, मे महिन्यात म्हाताऱ्या आईला दुपारी आत बसवत नाही. 40 हजारांचा दीड टनी एसी हप्त्यावर घ्यावा, की 300 चौरस फूट घराला 80 रुपये फुटाने सीलिंग करावं?

दादा, एसी या वर्षी नको. हप्ता हा फक्त त्याचा अर्धा खर्च झाला. दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. आठ तास चालला तर दिवसाला 12, महिन्याला 360 युनिट. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे चढतो, 300 नंतर पुन्हा चढतो. त्यात उघड्या टिनाखाली कॉम्प्रेसरला उसंतच मिळत नाही. दुपारी तीनला पत्र्याला आतून हात लावून बघा, चटका बसतो. तो तवा दिवस मावळेपर्यंत खाली आग ओकत असतो.

आता सीलिंगचं खरं सांगतो. सध्या घरात कुलर चालत असेल, तर त्याला दिवसाचे बारा तास धरले तरी महिन्याला 70-75 युनिट लागतात, म्हणजे तुमच्या बिलात सीलिंगने फारसं काही वाचणार नाही. वाचेल तो एसीचा खर्च. आणि आईला दुपारी घरात पडता येईल. माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

पण 24 हजार एकदम घालू नका. पेरणीनंतर हाती तीसच उरतात आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणी आहेच. आधी फक्त आईच्या खोलीला करा: 120 चौरस फुटांचे 9,600. वरून सगळ्या पत्र्यांना उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. चुना स्वस्त पडतो, पण पत्र्यावर टिकत नाही, पहिल्याच पावसात धुऊन जातो.

मिस्त्रीला सांगा, पत्रा आणि सीलिंगमध्ये फूटभर जागा सोड आणि दोन्ही टोकांना जाळी लाव. तापलेली हवा तिथून निघून गेली पाहिजे. साधा थर्माकोल लावू देऊ नका, वायरिंगची एक ठिणगी पुरते. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकायचाही मोह होईल. चुलीचं घर असेल तर तेही नको. कुलरसमोरची खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते.

उरलेल्या दोन खोल्यांचं पुढच्या कापसावर बघू. डिसेंबरच्या थंडीत आईच्या खोलीत काय फरक पडतो तेही कळवा, कारण रात्री पत्रा गार पडतो तेव्हा हेच सीलिंग आतली ऊब धरून ठेवतं.