माशाच्या कानातल्या हाडांवर करिअर होतं का?

प्रश्न : मुलगी बडोद्यातच एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. प्रॅक्टिकलला रोहूच्या डोक्यातून कानातली हाडं काढली, तेव्हापासून 'मी यातच पुढे जाणार' म्हणते. घरी आम्ही मासे खात नाही, बडोद्याला समुद्रही नाही. सासरे म्हणतात, माशाच्या कानात बघून पोट भरतं का? काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू. फक्त कानातली हाडं बघायची नोकरी सहसा निघत नाही. नोकरी असते मत्स्यसाठ्याच्या अभ्यासाची. कोणत्या पाण्यात कोणत्या वयाचे मासे किती आहेत आणि ते किती पकडावेत, हे सांगण्याची. त्या कामातलं हे एक जुनं, भरवशाचं हत्यार. १८९९ मध्ये जर्मनीत राइबिश या संशोधकांनी प्लेस या चपट्या समुद्री माशाचं वय यावरूनच काढलं होतं.

ही हाडं म्हणजे खरं तर कॅल्शियम कार्बोनेटचे खडे, प्रत्येक बाजूला तीन. मासा वाढतो तसे थरावर थर चढतात आणि चढलेला थर सहसा पुन्हा विरघळत नाही. रोहूत त्या तिघांतला सॅजिटा नावाचा खडा सुईसारखा बारीक असतो. चिमट्यात मोडला म्हणून मुलगी हिरमुसली असेल, तर सांगा की रोहू-कटलासारख्या माशांत बाकीचे दोन खडे हाताळायला सोपे. घोळ, ढोमी यांचा सॅजिटा मात्र चांगला जाडजूड असतो.

खरी गंमत, आणि खरी डोकेदुखीही, पुढे आहे. मासा वाढताना खडा नुसता मोठा होत नाही, त्याचा आकारही बदलतो. लहानपणी गोलसर असलेला खडा बऱ्याच जातींत पुढे लांबट होतो, कडा दातेरी होतात. आता नर्मदेतले छोटे मासे आणि तापीतले मोठे मासे घेऊन कोणी 'दोन्हीकडचे खडे वेगळे, म्हणजे कळप वेगळे' असं म्हणालं, तर ते पाचवीची आणि दहावीची मुलं मोजून दोन शाळांत फरक आहे म्हणण्यासारखं झालं. आधी लांबीचा परिणाम गणिताने वजा करावा लागतो. तरी पेच उरतोच. हळू वाढणाऱ्या माशाचा खडा, त्याच लांबीच्या झपाट्याने वाढलेल्या माशापेक्षा बहुधा जड निघतो, कारण अंगाची वाढ मंदावली तरी खड्यावर थर चढतच राहतात. म्हणजे दिसलेला फरक वंशाचा की पाणी, तापमान आणि खाण्याचा, हे एकट्या आकारावरून ठरत नाही. मग जनुकं तपासतात, खड्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य मोजतात; ते समुद्राच्या पाण्यात सहसा नदीपेक्षा जास्त असतं. समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिलशाचा प्रवास त्यावरून बराचसा कळतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : तिला चिमट्याइतकंच संख्याशास्त्र आवडायला हवं. 'आर' ही संगणकभाषा फुकट आहे, या सुट्टीतच सुरू करू दे. गणित नकोसं वाटत असेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

प्रवेशाची एक मेख आत्ताच बघून घ्या. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत एमएफएस्सीला (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) साधारणपणे चार वर्षांची बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यविज्ञानाचीच पदवी लागते, साधी बीएस्सी चालत नाही. त्या वर्षीची माहितीपत्रिका नीट वाचा. तिच्यासाठी सरळ वाट म्हणजे प्राणिशास्त्र किंवा सागरी विज्ञानात एमएस्सी, मग नेट आणि पीएचडी. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी जवळ येऊ शकते, मधली वर्षं फेलोशिपवर आणि प्रकल्पांवर. घरात हे आधीच बोलून ठेवा.

समुद्र नसल्याचं मनावर घेऊ नका. गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं केंद्र बडोद्यातच आहे, तिथे प्रशिक्षणासाठी अर्ज करता येईल. शिवाय तिच्याच युनिव्हर्सिटीचा पुरातत्त्व विभाग नावाजलेला आहे. उत्खननात सापडणाऱ्या माशांच्या अवशेषांत हे खडेही असतात, तेव्हा त्या विभागात एक चक्कर मारायला हरकत नाही.

घरात मासे नकोत हे मान्य. डोकी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच उघडावीत. खडा धुऊन, वाळवून छोट्या कुपीत ठेवला की त्याला वास येत नाही. फक्त प्रत्येक कुपीवर माशाची लांबी, वजन, ठिकाण, तारीख आणि खडा डावा की उजवा हे लिहायचं. लांबी न लिहिलेला खडा तिने कितीही जपला, तरी तुलनेला त्याचा उपयोग नाही.