“तुला आवडणार नाही,” असे मुलाला कोणी सांगितले?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आमच्या आठ वर्षांच्या मुलाने वाढदिवसाच्या यादीतून वर्गातील एका कृष्णवर्णीय मित्राचे नाव स्वतःहून खोडले आणि “आई, तुला आवडणार नाही,” असे कारण दिले. आमच्या घरात कृष्णवर्णीयांविषयी कोणी कधी वावगे बोललेले नाही. मग हे तो कुठे शिकला? मोठा झाल्यावर त्याचे त्यालाच कळेल, असे माझे यजमान म्हणतात.
– एक वाचक

उत्तर : मुलाने नावड तुमची सांगितली, स्वतःची नव्हे. आईला कोण चालते आणि कोण चालत नाही, याचा त्याने अंदाज बांधला आहे, आणि त्यासाठी मुलांना वाईट शब्द कानावर पडावे लागत नाहीत. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या न्यूअर्क शहरातून जाताना सिग्नलला गाडीची दारे लॉक झाल्याचा आवाज, घर शोधताना “तो एरिया चांगला नाही” एवढे बोलून मिटवलेला विषय, भारतातून फोनवर होणारी “बाळाचा रंग उजळ आहे ना?” ही चौकशी, नात्यातल्या एखाद्या मुलीच्या लग्नाविषयी “निदान गोरा तरी बघायचा” असा सोडलेला उसासा, यांतले काहीही मोठी माणसे लक्षात ठेवत नाहीत, मूल मात्र ठेवते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. ज्यांच्याविरुद्ध पूर्वग्रह आहे त्यांच्या मुलांनाही तो इतक्या लहानपणी लागतो, तर तुमचा मुलगा त्यातून कसा सुटेल?

हे सारे आपण गोऱ्यांकडून शिकलो, असे म्हणणे सोयीचे असले तरी ते अर्धेच खरे आहे. रंगाची आणि जातीची उतरंड आपण घरूनच नेतो; परदेशात तिच्या तळाशी बसवायला नवी माणसे सापडतात, एवढेच. पंजाबातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंड यांनी तिथले नागरिकत्व मागताना आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, असा युक्तिवाद केला होता आणि तो १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. (त्या काळी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच मिळे, त्यामुळे त्यांच्यासाठी कायद्याने दुसरी वाट फारशी ठेवलेली नव्हती, हेही मान्य करायला हवे.) पुढे १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांसाठीचे राष्ट्रनिहाय कोटे रद्द केले, ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने देशाचे वातावरण बदलल्यावर. त्या कायद्यात उच्चशिक्षितांना प्राधान्य असल्यामुळे आपल्याकडून प्रामुख्याने डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, आणि या चाळणीतून निघालेले यश घरोघरी ‘आपल्या संस्कारां’च्या नावावर जमा झाले. ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांना बँका कित्येक दशके गृहकर्ज नाकारत होत्या, तिथल्या गरिबीला मग आळस हेच कारण उरले. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले होते, हे अमेरिकेतल्या किती मराठी घरांत मुलांना सांगितले जाते?

यजमानांचे म्हणणे मला पटत नाही. मोठेपणी मुलगा फार तर हे लपवायला शिकेल. त्याचा अंदाज तुमच्याविषयी आहे, तेव्हा तो तुम्हीच खोटा ठरवायला हवा. व्याख्यान देऊ नये. त्याच्या देखत त्या मित्राच्या आईला फोन करून तिला मुलासह घरी बोलवावे आणि त्या आल्यावर मुलांना खेळायला सोडून तिच्याशी निवांत गप्पा माराव्यात. भारतातून पुन्हा रंगाची चौकशी झाली, तर “त्याने काय फरक पडतो?” हे मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, सासूबाईंना थोडा राग आला तरी चालेल.