माल्कम बटलर हा अमेरिकन फुटबॉलपटू एकाच चेंडूमुळे का प्रसिद्ध आहे?

कारण त्या एका चेंडूने सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना, फिरवला. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातलं ग्लेन्डेल. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८-२४ ने पुढे, पण सिॲटल सीहॉक्स गोलरेषेपासून फक्त एक यार्डावर आणि घड्याळात जेमतेम २६ सेकंद. मार्शॉन लिंचसारखा चेंडू घेऊन रेड्यासारखा घुसणारा गडी हाताशी असताना सिॲटलने पास टाकला! (यावर अजूनही भांडणं होतात. माझ्या मते निर्णय म्हणतात तितका मूर्खपणाचा नव्हता.) बटलरला ती रचना ओळखीची वाटली, कारण सरावात याच चालीवर तो फसला होता. या वेळी तो सिॲटलचा रिसीव्हर (पास झेलणारा) रिकार्डो लॉकेटच्या आधी पोचला आणि चेंडू हिसकावला. एनएफएलमधला त्याचा हा पहिलाच इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणं.

बटलर कॉर्नरबॅक होता, आणि कॉर्नरबॅकचं काम म्हणजे समोरच्या रिसीव्हरला सावलीसारखं चिकटून राहणं.

बटलर मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. आधीच्या कॉलेजच्या संघातून त्याला काढून टाकलं होतं, तेव्हा तो पोपाइज या चिकनच्या दुकानात कामाला होता. पुढे वेस्ट अलाबामाकडून खेळला, पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणीही घेतलं नाही.

तीन वर्षांनी, २०१८ च्या सुपर बोलमध्ये प्रशिक्षक बेलिचिक यांनी त्याला बचावात एकदाही उतरवलं नाही. पेट्रियट्स ४१-३३ ने हरले. सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डबडबलेले डोळे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर तो टेनेसी टायटन्स या दुसऱ्या संघाकडे गेला.