नर नाही, तरी पिल्लं कशी?

या खेपेच्या पत्रांतला निम्मा गठ्ठा गप्पी-मॉली या टाकीत पाळायच्या, थेट पिल्लं देणाऱ्या माशांचा आहे आणि त्यातही तोच तो घोळ आहे. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : गप्पीच्या तीन माद्याच आणल्या होत्या. तरी दोनदा पिल्लं झाली. दुकानदार म्हणतो, एखादी मादीच नर होते. (सांगली)

दुकानदाराचं सोडा. गप्पीची मादी नराचे शुक्राणू अनेक महिने पोटात साठवून ठेवते आणि नराशिवायच वेतामागून वेत देत राहते. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात, त्यामुळे मादी बहुधा गाभणच घरी येते. पिल्लं वाढवायची नसतील तर नुसते नर पाळा. ओळख सोपी आहे : पोटाखालचा मागचा पर नराला काडीसारखा निमुळता असतो, मादीला पंख्यासारखा. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की हे दिसू लागतं. वेगळी करायची ती तेव्हाच.

प्रश्न : दोन वेतांत किती दिवस जातात?

साधारण २८. पाणी गार असेल तर जास्त.

प्रश्न : मादीचं पोट फुगलं की तिला जाळीच्या पेटीत ठेवावं का?

नको. त्या पेटीत ती बिथरते आणि कधीकधी अर्धवट पिल्लं टाकते. टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉस अशी पाणवनस्पती दाट सोडा. आईबाप काही पिल्लं खातील, खाऊ द्या.

प्रश्न : काळी मॉली पर मिटून जागच्या जागी डुलते. दुकानातून निळं औषध आणि कॅप्सूल आणली आहे. टाकू का? (पुणे)

थांबा. आधी पाणी तपासा. मॉलीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी लागतं, धरणाचं पाणी बहुतेक मऊ असतं. त्यात टाकी नवी असेल तर अमोनियाही साठलेला असतो. असं डुलणं बहुतेकदा पाण्याचं दुखणं असतं, जंतूंचं नव्हे. निळ्या औषधाने फिल्टरमधले कामाचे जिवाणू मरतील, आणि कॅप्सूल कशासाठी दिली हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. एक चतुर्थांश पाणी बदला, पाणी तपासल्याचे आकडे लिहून घ्या आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला दाखवा. आठवडाभर वाट बघून मग पत्र लिहू नका. तुमच्या पत्रावरची तारीख बघून मला मॉलीची आशा वाटत नाही.

प्रश्न : दोनशेच्या वर गप्पी झाले. गावच्या ओढ्यात सोडले तर डासही कमी होतील. हिवताप विभागही सोडतोच की. (सातारा)

सोडू नका. हिवताप विभाग गप्पी सोडतो ते ठरवून, साचलेल्या, बंदिस्त पाण्यात : वापरात नसलेली विहीर, टाकं, डबकं. ओढा बंदिस्त नसतो. पहिल्या मोठ्या पावसात तुमचे दोनशे नदीत जातात.

गप्पी मूळचा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा. तो गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही टिकतो, दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि डासांच्या अळ्यांबरोबर दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खातो. आमच्या घरामागच्या नाल्यात चहाची गाळणी बुडवली की चार गप्पी येतात. शेपट्या आखूड, रंग विटलेले. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या झुबकेदार शेपट्यांचेच हे वंशज. पूर्वी तिथे पाण्याच्या पृष्ठालगत डोक्यावर पांढरा ठिपका असलेला छोटा देशी मासा दिसायचा. तोही डासांच्या अळ्या खातो, फुकट आणि पिढ्यान्‌पिढ्या. त्याला मी गेली काही वर्षं शोधतो आहे. एकट्या गप्पीने त्याला घालवलं असं म्हणणार नाही, नाल्यात सांडपाणीही येतं. पण ‘पुण्य लागेल’ म्हणून पिशव्या उलट्या करणाऱ्यांनी त्याला मदतही केलेली नाही.

तेव्हा जिल्हा हिवताप कार्यालयाला विचारा, त्यांना मासे हवे असतील तर तेच नेतील. नाहीतर ओळखीच्या पाळणाऱ्यांना द्या. आणि नर-माद्या आजच वेगळ्या करा, पुढच्या महिन्यात नव्हे.

प्रश्न : गोल काचेच्या भांड्यात गप्पीची जोडी चालेल का? दुकानदार म्हणतो, महिनाभर काही होत नाही.

महिनाभराचं तो खरं सांगतोय.