पळून जाण्यात कमीपणा नाही

प्रिय तरुण मित्रास,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. रात्री खोलीत एकटा असताना मोबाइलवर जे पाहिले जाते त्याची लाज, त्यानंतरची रडत केलेली प्रार्थना, उपवास आणि चार दिवसांनी पुन्हा तेच, हे सारे तू आडपडदा न ठेवता लिहिले आहेस. देव क्षमा करतो हे तुला शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे, म्हणून ते मी सांगत बसत नाही. मी अडलो तो तुझ्या एका वाक्यापाशी. फोन उशाशी असतानाही मन ढळू नये एवढा विश्वास मला मिळावा, यासाठी प्रार्थना करा, असे तू म्हणतोस. ही प्रार्थना मी करणार नाही. तो फोन तू रात्री खोलीबाहेर ठेवावास, एवढीच प्रार्थना मी करीन.

प्रभूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात मोहासमोर छाती काढून उभे राहण्याचे बळ मागितलेले नाही. ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ असे आपण दर रविवारी एका सुरात म्हणतो आणि घरी येऊन त्याच परीक्षेला आपल्या हाताने उशाशी जागा करून देतो. मला याचा राग येतो, आणि तो केवळ तुझ्यावर नाही. तरुण संघाच्या सभेत विजयाच्या साक्षी देणारे जे लोक असतात, त्यांच्यावर तो अधिक आहे. मोह समोर आला, मी नाव घेतले आणि तो पळाला, असे ऐकून ऐकून तुमच्या पिढीची समजूत झाली आहे की पळायचे ते मोहाने, आपण नव्हे.

प्रेषित पौलाने मात्र तीमथ्याला, म्हणजे एका तरुण सेवकाला, तरुणपणाच्या वासनांपासून पळ काढण्यास सांगितले. करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात जारकर्माविषयी त्याने हेच लिहिले. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायातले तेरावे वचन तुला पाठ असेलच, कारण आपल्याकडे ते सगळ्यांना पाठ असते: देव विश्वसनीय आहे, तो शक्तीपलीकडे परीक्षा येऊ देणार नाही आणि तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. पण आपण तेथेच थांबतो. त्याच्या आधीचे वचन सांगते की आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून जपावे. आणि नंतरचे, चौदावे, सांगते की मूर्तिपूजेपासून दूर पळा. देवाने केलेला उपाय पुष्कळदा एखादे दारच असते, आणि दारातून बाहेर पडण्याचे काम पायांनाच करावे लागते.

तू याकोबाच्या पत्राचा आधार घेतला आहेस, की सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल. वचन खरे आहे. पण त्याच वचनाचा पहिला भाग देवाच्या अधीन व्हा असा आहे, आणि ज्या देवाच्या अधीन व्हायचे त्याचीच आज्ञा पळ काढण्याची आहे. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा प्रभू पळाला नाही, हेही तू म्हणशील. त्याला तेथे आत्म्याने नेले होते. तुला तेथे कोणी नेलेले नाही. शिवाय मंदिराच्या शिरोभागावर काय घडले ते नीट वाच. उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने स्तोत्राचाच दाखला देऊन सुचवले, आणि प्रभूने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन सांगून नकार दिला: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. उशाशी फोन ठेवून बळ मागणे हे त्या शिरोभागावरून उडी टाकण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते तुला कठोर वाटले तरी मी मऊ करणार नाही.

प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन याचा मित्र अलिपियस याची हकिकत मी अनेकांना सांगतो. चौथ्या शतकात रोममध्ये शिकत असताना त्याला तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांचा तिटकारा होता. सोबत्यांनी त्याला बळेच तेथे ओढून नेले, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही माझे शरीर तेथे बसवाल, मन आणि डोळे नव्हे. तो डोळे मिटून बसला. मग एक योद्धा पडला, प्रेक्षकांतून प्रचंड आरोळी उठली आणि त्याने डोळे उघडले. त्यानंतर तो स्वतःहून जाऊ लागला आणि इतरांनाही नेऊ लागला. हाच अलिपियस पुढे उत्तर आफ्रिकेतल्या थागस्ते नगराचा बिशप झाला, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पण डोळे मिटण्यावर त्याची भिस्त होती आणि ती पुरली नाही, हे विसरू नकोस.

योसेफाने अशी भिस्त ठेवली नाही. मिसर देशात त्याचा धनी असलेल्या पोटीफरची बायको रोज त्याच्या मागे लागली होती, आणि तो तिचे म्हणणे तर नाकारत होताच, पण तिच्याजवळ थांबणेही टाळत होता. घरात कोणी नसताना तिने वस्त्र धरले, तेव्हा ते तिच्या हाती सोडून तो बाहेर पळाला. त्याबद्दल त्याला बक्षीस मिळाले नाही, तुरुंग मिळाला. पळण्याची किंमत असते. दावीद राजाच्या पापाची गोष्टही गच्चीवर सुरू होत नाही. राजे लढाईला निघण्याच्या दिवसांत सेनापती यवाबाला धाडून तो स्वतः यरुशलेमेत राहिला, तेथेच ती सुरू होते. संध्याकाळी गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा, दुसऱ्याची बायको, दिसली ते नंतरचे.

किंमत असते हे मी वाचून सांगत नाही. आमच्या मंडळीचा खजिनदार असताना मी एक नियम धरून बसलो: रविवारचे दान दोघांनी मिळून मोजायचे, आणि ती थैली कोणी एकट्याने रात्रभर घरी ठेवायची नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जुन्या सोबत्याला तो आपल्या प्रामाणिकपणावरचा संशय वाटला. त्याने बोलणे सोडले, आणि ते पुन्हा कधी सुरू झाले नाही. खरे कारण असे होते की त्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी मला पैशांची नड होती आणि ती थैली माझ्या घरच्या मेजावर असताना मला झोप येत नसे. नियम त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मैत्री गेल्याची खंत मला आजही आहे, नियमाची नाही. लोक म्हणाले, एवढा विश्वासू माणूस आणि स्वतःवर विश्वास नाही! मी म्हणतो, नाहीच, आणि नसल्यामुळेच विश्वासू राहिलो. यात मी स्वतःचे समर्थन करतो आहे असे तुला वाटेल. करतो आहे.

एकट्याने पळू नकोस, एवढे मात्र ऐक. तीमथ्याला पौलाने पुढे लगेच सांगितले आहे की शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांच्या सोबतीने चाल. सभेत उभा राहून साक्ष देण्याची गरज नाही. एक वडीलधारा माणूस पुरे. मी चालत असेन तर मी. तुझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलाला कारण न सांगता फोन रात्री त्याच्याकडे देता येईल. पवित्र शास्त्राचे अॅप त्यात आहे, ही सबब मी ऐकणार नाही. छापील शास्त्राची एक जादा प्रत माझ्याकडे आहे, ती पाठवतो.

शेवटी तू विचारले आहेस की या अवस्थेत प्रभुभोजन घ्यावे की मागे बसून राहावे. पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षा करून उठून जावे, असे तो म्हणत नाही. तेव्हा पहिल्या रविवारी मेजापाशी ये, आणि उपासनेनंतर घाईने निघून न जाता मला भेट.

तुझा,
काका