चेहऱ्याच्या त्रिमित मॉडेलमध्ये केवळ वय कसे वाढवावे?

आपण विचारले आहे की वयाचा स्लायडर (संगणकावरची वय कमी-जास्त करण्याची पट्टी) सरकवला की नाक, गाल आणि जबडाही हलतात, तर बाकी काही न बिघडवता केवळ वय कसे वाढवावे. गोरेगावच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मी पात्रांचे चेहरे घडवतो, त्यामुळे ही अडचण माझ्या परिचयाची आहे.

मॉडेलमध्ये वयाची अशी वेगळी नोंद नसते. फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी १९९९ साली मांडलेल्या पद्धतीत २०० तरुण स्त्रीपुरुषांच्या डोक्यांचे लेझर स्कॅन बिंदूला बिंदू जुळवून सरासरी चेहरा आणि त्यापासून चेहरे कोणकोणत्या दिशांनी वेगळे होतात ते काढले होते. वयासारखा एखादा गुणधर्म हवा असेल, तर तो कितपत दिसतो यासाठी माणसांनी प्रत्येक चेहऱ्याला दिलेल्या आकड्यांच्या प्रमाणात त्या चेहऱ्यांचे सरासरीपासूनचे फरक एकत्र करतात. त्यातून निघणारी दिशा म्हणजेच आपला स्लायडर. साहजिकच नमुन्यातील वयस्क माणसे अंगाने भरलेली असतील, तर वयाबरोबर हनुवटीखाली मांसही येणार.

उपाय असा की वजनाची दिशाही काढावी आणि वयाच्या दिशेतला तिच्याशी जुळणारा भाग वजा करावा. मात्र अनेक गुणधर्म असेच वजा करत गेल्यास वयाचा परिणामच फिका पडतो. शिवाय म्हातारपणी नाकाचे टोक खरोखरच खाली झुकते आणि कानाच्या पाळ्या लांबतात, तेव्हा नाक हलले म्हणून प्रत्येक वेळी मॉडेलला दोष देऊ नये. नाक तसेच ठेवायचेच असेल, तर डोळे, नाक, तोंड आणि उरलेला चेहरा असे भाग पाडून बदल हव्या त्या भागापुरता लावावा व सीमारेषा मिसळून घ्याव्यात.

आपले पात्र वरळी कोळीवाड्यातील आजी असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००९ चे बाझेल विद्यापीठाचे असेच चेहऱ्यांचे मॉडेल प्रामुख्याने युरोपीय चेहऱ्यांच्या स्कॅनवर बेतलेले असल्याने त्याच्या सरासरीपासून सुरुवात केली की आजी परकी वाटू लागते. म्हणून मी मूळ चेहरा, संबंधितांच्या संमतीने घेतलेल्या छायाचित्रांवरून, हाताने घडवतो आणि मॉडेलमधून केवळ वयाचा फरक उचलून त्यावर लावतो.

सुरकुत्यांची अपेक्षा मात्र या स्लायडरकडून ठेवू नये. फ्लेम या डोके-चेहऱ्याच्या मॉडेलच्या जाळीत, म्हणजे आकार घडवणाऱ्या बिंदूंच्या जाळ्यात, ५०२३ बिंदू आहेत, आणि डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषांना ते पुरत नाहीत. त्या नॉर्मल मॅपमध्येच, म्हणजे जाळी न बदलता पृष्ठभागावर बारीक उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, रंगवाव्या लागतात.